दिवा विझला तरी कोड पुसू देऊ नका

प्रश्न : कराडच्या एक शिक्षिका लिहितात, ‘एकोणीस महिन्यांपूर्वी साडेतेरा लाखांना ऑटोमॅटिक गाडी घेतली. चौथ्या महिन्यापासून डॅशबोर्डवर मध्येच पिवळा दिवा लागतो, ट्रान्समिशन तपासा असं येतं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकल्यासारखी रेंगाळते. बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. माहेरी चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात जास्त होतं. कोल्हापूरच्या शोरूमकडे पाच वेळा नेली. दर वेळी दोष आढळला नाही म्हणून परत देतात. वॉरंटी तीन वर्षांची आहे, पण मी बाहेरून हॉर्न आणि दिवे बसवले म्हणून ती आता लागू नाही, असं तोंडी सांगतात. नवी गाडी मिळेल का? तोवर हप्ते थांबवू का?’

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार वेगळा, गाडीतल्या दोषाशी बँकेचा संबंध नाही. हप्ता चुकला की सिबिल बिघडेल, वसुलीवाले दारात येतील आणि वर समोरचा वकील ग्राहक आयोगापुढे म्हणेल, ‘यांना हप्ते झेपेनात म्हणून तक्रार काढली.’ ‘गाडी शोरूमच्या दारात लावून निघून या’ असंही तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. जॉबकार्डाशिवाय, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रार नोंदवून देतं त्या कागदाशिवाय, सोडलेल्या गाडीवर पार्किंगचं भाडं लावलेली बिलं माझ्या फायलींत आहेत.

आता मूळ दुखण्याकडे. असल्या गाड्या वर्कशॉपच्या दारात पाऊल टाकलं की शहाण्या होतात, त्यामुळे खटला दिव्यावर उभा राहत नाही, कागदावर राहतो. दिवा लागतो तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पाच अक्षरी कोड साठतो. त्याबरोबर त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान वगैरे नोंदही बहुतेक वेळा राहते, तिला वर्कशॉपमध्ये फ्रीझ फ्रेम म्हणतात. दिवा विझला तरी कोड काही काळ तसाच असतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड पाहतो, पुसतो आणि ‘बघा मॅडम, आता काही नाही’ म्हणतो. बॅटरीचं टर्मिनल काढून लावलं तरी पुष्कळ गाड्यांत हेच होतं. यात दरवेळी लबाडी असते असं नाही, ती त्यांची कामाची पद्धत आहे. पण तुमचा पुरावा तिथेच जातो. म्हणून पुढच्या खेपेला गाडी आत जाण्याआधीच जॉबकार्डावर लिहून घ्या : ‘कोड पुसण्यापूर्वी सर्व कंट्रोल युनिटचा स्कॅन रिपोर्ट छापून द्यावा.’ कंट्रोल युनिट म्हणजे इंजिन, गिअर वगैरेंचे वेगवेगळे कॉम्प्युटर. नाही म्हणाले तर त्याच संध्याकाळी ईमेल करा. त्यांचा नकारसुद्धा पुरावाच आहे.

कोड कोणता निघतो यावर तुमची मागणी ठरेल. ‘पी०७००’ निघाला तर तो नुसता निरोप्या. गिअरच्या कॉम्प्युटरने इंजिनाच्या कॉम्प्युटरला ‘माझ्याकडे काहीतरी बिघडलंय’ एवढंच कळवलेलं असतं. खरा कोड गिअरच्या युनिटमध्ये असतो, साध्या स्वस्त स्कॅनरला तो बऱ्याचदा दिसत नाही. ‘यू०१०१’ निघाला तर गिअरच्या युनिटशी संपर्कच तुटला होता. तिथे ढिलं कनेक्टर, खराब अर्थिंग, पाणी शिरलेलं किंवा उंदराने कुरतडलेलं वायरिंग, अशक्त बॅटरी यांचा संशय आधी घ्यायचा. असला दोष घेऊन ‘नवी गाडी द्या’ म्हणत गेलात तर पहिल्याच तारखेला हसं होईल.

ऑटोमॅटिक नेमकी कोणत्या जातीची ते तुम्ही कळवलं नाहीत, आणि ते महत्त्वाचं आहे. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलणारी, असेल तर घाटात ट्रकमागे रांगत चढताना क्लच तापून इशारा येऊ शकतो. कंपनी म्हणणार, हा दोष नाही, हा गाडीचा स्वभाव आहे, मॅन्युअलमध्ये लिहिलंय. ते पान वाचून ठेवा. याला तुमच्याकडे उत्तर एकच : उंब्रजजवळ सपाट हायवेवर, सकाळी, गार गाडीतही दिवा लागला होता का? लागला असेल तर तारीख आणि किलोमीटर वहीत टिपा. व्हिडिओ शेजारच्या सीटवरच्या माणसाने काढावा, त्यात ओडोमीटर दिसावा. मूळ फाईल मोबाईलमध्ये तशीच ठेवा; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडता येईल. दिवा लाल झाला तर मात्र चित्रीकरण सोडा, गाडी बाजूला घेऊन टोइंग बोलवा. लाल दिव्यावर रेटलेल्या गाडीचं नुकसान कंपनी तुमच्याच निष्काळजीपणावर ढकलेल.

वर्कशॉपमधून गाडी परत घेताना ‘समाधानकारक’ या छापील ओळीखाली सही मागतात. सही करा, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘तक्रार कायम. दिवा अधूनमधून लागतो.’ आधीच्या पाच जॉबकार्डांवर हे नसणार, असा माझा अंदाज आहे. तरी हरकत नाही. एकच तक्रार पाच वेळा नोंदली जाणं हेही बोलकं आहे, फक्त प्रत्येक कार्डावर ती तुमच्या शब्दांत आली आहे की ‘जनरल चेकअप’ म्हणून, ते पाहा.

हॉर्न आणि दिवे ही तुमची खरी कच्ची बाजू. बाहेरची वस्तू बसवली एवढ्यावर सगळी वॉरंटी गेली हे मला मान्य नाही. त्या वस्तूमुळेच गिअरचा इशारा येतो, हे त्यांनी दाखवावं, असाच युक्तिवाद आपण करणार. पण वायर कापून जोड दिले असतील तर वॉरंटी पुस्तिकेतली अट त्यांच्या बाजूने बोलेल. वस्तू गुपचूप काढून टाकू नका. आधी जोडांचे फोटो काढा, वॉरंटी नाकारल्याचं कारण लेखी मागा, मग त्या काढून पंधरा दिवस गाडी चालवा. तरीही दिवा लागला, तर त्यांचा मुख्य बचाव लंगडा पडतो.

नवी गाडी? लगेच नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका क्लचच्या प्रकरणात स्पष्ट केलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर गाडीच बदलून द्या असा आदेश टिकत नाही. दुसरीकडे २०१० च्या फियाटच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासायला लावली आणि मूळ उत्पादनदोष निघाल्यास पैसे परत करायला सांगितले. म्हणून मागण्या पायरीने मांडायच्या : प्रथम सदोष भाग विनामूल्य बदलावा आणि त्या भागाची वॉरंटी वाढवावी. ते न झाल्यास गाडी बदलावी किंवा किंमत परत करावी. दोन्ही परिस्थितीत खर्च आणि मनस्तापाची भरपाई. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ खाली हे सगळं मागता येतं.

तक्रार कोल्हापूरला जाऊन करायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सातारच्या जिल्हा आयोगात, कलम ३४ प्रमाणे ती चालते. तुम्ही गाडीसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोग पुरे, आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. शोरूम आणि उत्पादक कंपनी दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. एकाला सोडलंत की दुसरा त्याच्याकडे बोट दाखवतो. त्याआधी दोघांना स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पंधरा दिवसांची नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. कंपनीचा एरिया मॅनेजर एरवी फोन उचलत नाही, नोटीस मिळाल्यावर स्वतः करतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायलाही पैसे लागत नाहीत.

वर्कशॉपमध्ये न सापडणाऱ्या दोषात तज्ज्ञाचा अहवाल बहुतेक वेळा निर्णायक ठरतो. कलम ३८ खाली गाडी तपासणीला पाठवण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या, नंतर नको. पुण्याची एआरएआय ही वाहन-तपासणी संस्था आहे, किंवा तुमच्याच गावातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मेकॅनिकल विभागाचं नाव सुचवता येईल. फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. तपासणी असेल तर कायदा पाच महिन्यांत निकाल द्या म्हणतो; प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चला.

मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. ‘ते दुरुस्ती करतच होते, म्हणून मुदत थांबली’ असं गृहीत धरू नका. सुरक्षित हिशोब पहिल्या नोंदीपासून करा. चौथ्या महिन्यात पहिला दिवा लागला तेव्हाच गाडी नेली असेल, तर तुमच्याकडे अजून नऊ महिने आहेत. त्या पहिल्या जॉबकार्डाची प्रत घरात सापडत नसेल तर आजच शोरूमकडे लेखी मागा.