बॉसने मेलमध्ये ‘यू नीड टू स्टेप अप’ लिहिलंय. बढती मिळणार असं समजू का?

नाही हो, पेढे इतक्यात आणू नका. ‘स्टेप अप’ला मराठीत चपखल शब्द आहे: पुढे होणे. काम अडलंय, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, अशा वेळी जो ‘मी करतो’ म्हणतो त्याने स्टेप अप केलं. (पुढेपुढे करणं वेगळं, ते ऑफिसात आधीच भरपूर असतं.) बॉसने तुम्हाला गोड शब्दांत टोचलंय: सांगायची वाट बघू नका, जबाबदारी अंगावर घ्या.

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत सेक्रेटरींनी पद सोडलं, म्हणजे ‘ही स्टेप्ड डाउन’. सभेत नव्या नावाचा विषय निघाला तसे सगळे मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले. शेवटी तळमजल्यावरच्या काकू उठल्या, रजिस्टर पुढ्यात ओढलं आणि म्हणाल्या, ‘आणा ती किल्ली इकडे.’ शी स्टेप्ड अप.

‘टेक ओव्हर’शी मात्र गल्लत करू नका. त्यात दुसऱ्याच्या हातातली सूत्रं आपल्याकडे येतात. मी यात तोंडघशी पडलोय. ऐरोलीच्या ऑफिसात असताना आमच्या मॅडम गणपतीला चार दिवस गावी गेल्या आणि मी क्लायंटला ऐटीत लिहिलं, ‘आय हॅव टेकन ओव्हर फ्रॉम हर’. त्याने मॅडमना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा पाठवल्या! संध्याकाळी कणकवलीहून फोन, मागे आरती चालू: ‘अरे, मला काढलं की काय?’ चार दिवसांच्या बदलीला ‘आय ॲम फिलिंग इन फॉर हर’ पुरलं असतं.

क्रिकेटमध्ये दोन्ही एकदम सापडतात. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत आटोपला, कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला आणि डोंबिवलीत वाढलेल्या रहाणेकडे कप्तानी आली. हे टेक ओव्हर. पुढच्याच कसोटीत मेलबर्नला त्याने ११२ काढल्या, ते स्टेप अप.

पुढे कर्म आलं की अर्थ बदलतो. ‘स्टेप अप द पेस’ म्हणजे वेग वाढवा. दरवर्षी हप्ता वाढणारी ‘स्टेप-अप एसआयपी’ याच घरातली.

मेलला नुसतं ‘श्युअर’ लिहू नका. एक काम नाव घेऊन मागा: ‘आय विल लीड द मंडे कॉल’. आणि सोमवारी पाच मिनिटं आधी लॉगिन करा.