फारकतीच्या कागदावर आखाजीला लग्न लावू नका

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नवरा नांदवेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी पंचांनी बसून फारकत, म्हणजे सोडचिठ्ठी, करून दिली. आता शिरपूरकडच्या बिजवराचं स्थळ आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देवळात लग्न लावायचं घाटतंय. सासरचे म्हणतात, दुसरं केलंस तर पोरगी आमची. पंच म्हणतात, कोर्टाची पायरी चढलात तर कानबाई देवीच्या रोटाच्या प्रसादाला बोलावणार नाही.

ताई, तुम्ही पाठवलेला कागद मी नीट वाचला. शंभराचा स्टॅम्प, पाच पंचांच्या आणि तुम्हा दोघांच्या सह्या, ‘आजपासून एकमेकांशी संबंध नाही’ ही एक ओळ. एवढ्यानं लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीच्या घटस्फोटाला जागा आहे, पण तशी रूढी तुमच्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. तिथे नोटरीचा शिक्का कामाला येत नाही. उद्या पहिला नवरा उलटला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय नवं लग्न मुळातच रद्दबातल. बायको म्हणून वारसाहक्कही मिळणार नाही. मला जास्त काळजी याचीच वाटते.

तेव्हा आखाजीचा मुहूर्त जाऊ द्या. पहिला नवरा मोकळं व्हायला तयार आहे असं तुम्ही लिहिलंय, तर दोघांनी मिळून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज करा. त्यात सहा महिने थांबावं लागतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाच्या आधारे तुमच्यासारख्या प्रकरणात ती मुदत माफ करून मागता येते. निकालानंतर अपिलाचे ९० दिवसही जाऊ द्या, मग खुशाल देवळात लग्न लावा. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दुसऱ्या लग्नानं मुलीचा ताबा आपोआप जात नाही. कोर्ट तिचं हित बघतं. ताबा आणि तिची पोटगी त्याच अर्जात लिहून घ्या.

राहिली कानबाई. भाऊबंदांनी एकत्र बसून खायच्या रोटातून घराला वगळणं किती जिव्हारी लागतं, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. पण कोर्टात गेली म्हणून देवीच्या कार्यातून काढणं हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. आधी घरातल्या जाणत्या माणसाला पंचांशी बोलू द्या. नाहीच ऐकलं, तर पोलिसात लेखी तक्रार द्या.

वकिलाकडे जाताना लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, मुलीचा जन्मदाखला आणि तो स्टॅम्पही बरोबर न्या.