तेरा जणांची एक रांग : रग्बी लीगमधील बचावाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीग, म्हणजे एनआरएल, मी अलीकडे नियमित पाहू लागलो आहे. जुने गुणतक्ते चाळताना दिसले की २०२१ च्या मोसमात सर्वाधिक गुण मेलबर्न स्टॉर्मने केले, विजेतेपद मात्र पेनरिथ पँथर्सने पटकावले. असे कसे झाले?

उत्तर : त्या तक्त्यातला दुसरा रकानाही पाहावा, अशी विनंती आहे. साखळीतील २४ सामन्यांत मेलबर्नने ८१५ गुण केले आणि पेनरिथने ६७६, म्हणजे आक्रमणात मेलबर्न १३९ गुणांनी पुढे होते. दिलेल्या गुणांत मात्र चित्र उलटे होते : मेलबर्नने ३१६ गुण दिले, तर पेनरिथने अवघे २८६, म्हणजे सामन्यामागे बारापेक्षाही कमी. एका ट्रायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, चार आणि त्यानंतरच्या यशस्वी कन्व्हर्जनचे, म्हणजे गोलखांबांमधून चेंडू मारण्याचे, दोन गुण धरले, तर पेनरिथविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांना सरासरीने ८० मिनिटांत दोन पूर्ण ट्रायही मिळत नव्हते. बाद फेरीत पेनरिथ पहिला सामना साउथ सिडनी रॅबिटोजकडून १०-१६ असा हरले, आणि त्यानंतरचे तीन सामने त्यांनी जिंकले ते असे : पॅरामॅटाविरुद्ध ८-६, मेलबर्नविरुद्ध १०-६ आणि अंतिम सामन्यात त्याच साउथ सिडनीविरुद्ध १४-१२. तीन सामन्यांत मिळून त्यांनी केवळ ३२ गुण केले, पण दिले २४. साखळीत ८१५ गुण करणारा संघ उपांत्य सामन्यात सहा गुणांवर अडकला, यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

उरलेले उत्तर खेळाच्या नियमांत आहे. रग्बी लीगमध्ये, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीत, चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंतच, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा सहा वेळा पकडला जाईपर्यंतच, खेळता येते आणि सहाव्या टॅकलनंतर चेंडू समोरच्याला द्यावा लागतो, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुधा चेंडू पायाने लांब मारला जातो. इंग्लंडमध्ये १९६६ साली चार टॅकलची मर्यादा आली आणि पुढे ती सहा झाली. त्याआधी एखादा संघ कितीही वेळ चेंडू स्वतःकडे ठेवू शकत असे. आज मात्र चेंडू दोन्ही संघांकडे आलटून पालटून येतोच, त्यामुळे तो मैदानाच्या कोणत्या भागात येतो, याला महत्त्व प्राप्त होते. समजा, प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या दहा मीटर रेषेवरून सुरुवात केली. प्रत्येक टॅकलपर्यंत त्याला दहा मीटर मिळू दिले तर पाच टॅकलनंतर तो मैदानाच्या मध्याच्याही पुढे येऊन चेंडू मारतो. तेच आठ मीटरवर रोखले तर तो मध्यरेषेवरच थांबतो, आणि त्याने मारलेला चेंडू आपल्याला दहा मीटर पुढे मिळतो. सामन्यात अशी आवर्तने प्रत्येक संघाच्या वाट्याला तीस-चाळीस येतात. बचाव चांगला असलेला संघ सामन्याचा बराच भाग प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात खेळतो, तो या दोन-दोन मीटरांच्या बळावर.

प्रश्न : समालोचक वारंवार 'रांग फुटली', 'रांग सरकली' असे म्हणतात. ही रांग नेमकी काम कशी करते?

उत्तर : आधी साधे गणित मांडू. टॅकल झाला की पकडला गेलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो. यालाच प्ले-द-बॉल म्हणतात. त्याच्यासमोर बचाव करणाऱ्या संघाचे दोन मार्कर उभे राहतात आणि बाकीच्यांना दहा मीटर मागे जावे लागते. तेरातून दोन मार्कर आणि लांब मारलेला चेंडू झेलण्यासाठी मागे थांबलेला फुलबॅक वजा करा. उरतात दहा जण, आणि मैदानाची रुंदी ६८ मीटर. प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ सात मीटर येतात आणि एवढी जागा एकटा माणूस राखू शकत नाही. सगळे मैदान झाकणे अशक्य असल्याने कोणती जागा सोडायची, हे बचावफळीला दर वेळी ठरवावे लागते. बहुतेक संघ चेंडूच्या जवळ दाटी करतात आणि दूरची कड मोकळी ठेवतात, कारण चेंडू तिथवर पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात रांग पुढे येऊन बाजूला सरकू शकते.

आता एक प्रसंग जवळून पाहू. गोलरेषेपासून पंधरा मीटरवर आक्रमक संघाच्या हाफबॅककडे, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूकडे, चेंडू येतो. त्याचा एक साथीदार चेंडू मिळणार असल्याचा आव आणत आपल्या बचावफळीतील सेकंड-रो खेळाडू आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला उभा असलेला सेंटर यांच्या मधल्या फटीकडे धावतो, पण चेंडू त्याच्या पाठीमागून आक्रमकांच्या फुलबॅककडे जातो. या क्षणी आपल्या सेंटरपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे झटकन आत आणि पुढे घुसून चेंडू घेणाऱ्यालाच गाठणे, दुसरी म्हणजे बाहेरच्या बाजूला सरकत राहून त्याला कडेच्या रेषेकडे ढकलत नेणे. पहिल्या वाटेत जोखीम आहे, पण आक्रमकाला विचार करायला उसंत मिळत नाही. दुसऱ्या वाटेत काही मीटर गमवावे लागतात, पण ट्राय टळतो. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर ठरू शकतात. ट्राय होतो तो सेंटर आत घुसतो आणि त्याच्या शेजारचा, कडेला उभा असलेला विंगर बाहेरच थांबतो तेव्हा, कारण मग दोघांच्या मध्ये दार उघडे राहते. सेंटर घुसला की विंगरनेही घुसलेच पाहिजे, आणि आतल्या सेकंड-रो खेळाडूने त्या फसव्या धावणाऱ्याची जबाबदारी न विचारता घेतली पाहिजे. हे अर्ध्या सेकंदात घडते. तिथे विचारपूस करायला वेळ नसतो, म्हणून शेजाऱ्याची सवय आधीच ठाऊक असावी लागते. त्याच कडेवर तेच तिघे मोसमभर एकत्र खेळवण्याचा प्रशिक्षकांचा आग्रह असतो, त्यामागचे कारण हेच आहे. मागून सगळी रांग दिसत असल्याने फुलबॅकने अखंड ओरडून कोणत्या बाजूला किती जण हवेत ते सांगायचे असते. प्रेक्षकांना हे काम सहसा जाणवत नाही, पण बोलका फुलबॅक जखमी झाला की रांग लगेच विस्कळीत दिसू लागते.

यात आणखी एक भाग येतो, तो प्ले-द-बॉलच्या वेगाचा. पकडलेला खेळाडू झटकन उठला तर बचावफळी दहा मीटर मागे पोहोचून तोंड फिरवते न फिरवते, तोच पुढचा हल्ला येतो. म्हणून दोघे-तिघे मिळून टॅकल करतात : एक जण पायांशी, दुसरा चेंडू धरलेल्या हातांवर, आणि तिसरा त्याला पाठीवर पाडण्यासाठी. प्रशिक्षक क्रेग बेलामी यांच्या मेलबर्न संघाने यासाठी कुस्तीच्या धर्तीवरचे प्रशिक्षण घेतले आणि इतरांनी ते उचलले. पुढे हा प्रकार फार लांबू लागला, तेव्हा एनआरएलने २०२० मध्ये या ठिकाणच्या बऱ्याच नियमभंगांसाठी पेनल्टीऐवजी टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा नियम आणला. त्यामुळे उशीर करणे महाग झाले आणि बचाव करणाऱ्यांची दमछाक वाढली.

प्रश्न : चुकलेल्या टॅकलच्या संख्येवरून बचावाची प्रत ठरवता येते का?

उत्तर : काही प्रमाणात येते. प्रशिक्षक जॅक गिब्सन यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकन फुटबॉलच्या पद्धती अभ्यासून सिडनीत प्रत्येक खेळाडूच्या टॅकलची मोजदाद सुरू केली, तेव्हा कोण खरोखर राबतो आणि कोण मिरवतो हे प्रथमच कागदावर आले. ईस्टर्न सबर्ब्जला १९७४ व १९७५ मध्ये आणि पॅरामॅटाला १९८१ ते १९८३ अशी सलग तीन वर्षे त्यांनी विजेतेपद मिळवून दिले. तरीही आकड्याने फसू नये. कडेला उभा असलेला विंगर तोंडघशी पडलेला दिसतो आणि चुकलेला टॅकल त्याच्या नावावर लागतो, पण चूक कित्येकदा तीन जण आतल्या बाजूच्या, उशिरा मागे परतलेल्या खेळाडूची असते. उलट, धावणाऱ्याला स्वतः न पकडता आपल्या साथीदारांच्या दिशेने वळायला लावणाऱ्या खेळाडूच्या नावापुढे काहीच नोंद होत नाही.

२००३ च्या अंतिम सामन्यातील एक क्षण या संदर्भात आठवतो. उत्तरार्धात गुण बरोबरीत असताना सिडनी रूस्टर्सचा विंगर टॉड बर्न रांग भेदून कडेच्या रेषेलगत सुसाट निघाला होता. पेनरिथचा स्कॉट सॅटलर हा लॉक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. विंगरला गाठण्याइतका वेगवान तो समजला जात नव्हता. तो मैदान आडवे कापत धावला आणि त्याने बर्नला कडेच्या रेषेबाहेर नेऊन पाडले. पेनरिथने तो सामना १८-६ असा जिंकला. तो एक टॅकल सर्वांच्या लक्षात राहिला, परंतु रांग फुटल्यावरही आपले काम संपलेले नाही असे मानून मागे धावणारे खेळाडू ज्या संघात असतात, त्याच संघात असे टॅकल घडतात.

प्रश्न : रग्बी युनियनचे, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीचे, संघ बचावासाठी लीगमधील प्रशिक्षक का नेमतात?

उत्तर : लीगमध्ये बचाव हे स्वतंत्र शास्त्र म्हणून आधी विकसित झाले, म्हणून. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या युनियन संघाचे बचाव प्रशिक्षक फिल लार्डर लीगमधूनच आले होते. विगनचे माजी लीग खेळाडू शॉन एडवर्ड्स यांनी वेल्सच्या बचावाची सूत्रे घेतली आणि २००८ च्या सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेतील पाच सामन्यांत वेल्सने केवळ दोन ट्राय होऊ दिले.

प्रश्न : बचावावर एवढा भर दिल्याने खेळ रटाळ होत नाही का?

उत्तर : कधीकाळी झाला होता, हे मान्य करायला हवे. वॉरन रायन यांच्या कँटरबरी संघाने १९८४ चा अंतिम सामना ६-४ आणि १९८५ चा ७-६ असा जिंकला, आणि १९८६ मध्ये पॅरामॅटाने त्यांना ४-२ असे हरवले तेव्हा सामन्यात एकही ट्राय झाला नाही. त्या काळी बचावफळीला पाचच मीटर मागे जावे लागे. नव्वदच्या दशकात ते अंतर दहा मीटर झाले आणि आक्रमणाला श्वास मिळाला. मला स्वतःला मात्र गोलरेषेवर लागोपाठ तीन-चार आवर्तने रोखून धरणारी रांग पाहण्यात जो आनंद मिळतो, तो सहज झालेल्या ट्रायमध्ये मिळत नाही.

प्रश्न : मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा संघ हाताळते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात सुरक्षिततेपासून करावी. टॅकल करताना डोके धावणाऱ्याच्या शरीरासमोर कधीही येऊ नये. ते बाजूला किंवा मागे असावे, डोळे उघडे असावेत, आणि झेप घेण्यापूर्वी पावले आखूड करून त्याच्या अगदी जवळ जावे. हे गुडघ्यांवर बसून, नंतर चालत आणि मगच धावत शिकवावे. तंत्र बसल्यावर तिघांची रांग करून चालण्याच्या वेगाने एकत्र पुढे येण्याचा सराव द्यावा, आणि मधल्याने पुढे यायचे ठरवताच मोठ्याने हाक देण्याची सवय लावावी. जो मुलगा गप्प राहील, त्याला त्या दिवशी मधल्या जागी उभे करावे. फसवे धावणारे या सरावात आणण्याची घाई करू नये. आधी शेजाऱ्याशी अंतर राखणे अंगवळणी पडू द्यावे. दमलेल्या अवस्थेतला सराव आठवड्यातून एकदा, सत्राच्या शेवटी पुरेसा आहे, आणि त्यात प्रत्यक्ष टॅकल न ठेवता दोन्ही हातांचा स्पर्श ग्राह्य धरावा, कारण दमलेले मूल डोके चुकीच्या बाजूला नेते.