विद्यार्थ्यांमधल्या सेवेसाठी परदेशी जाताना

प्रश्न : ताई, माझं पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलंय. कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थी गटात मी नियमित जाते, बायबल अभ्यासही घेते. एका संस्थेनं मला परदेशातल्या एका विद्यापीठात वर्षभर स्वयंसेवक म्हणून बोलावलंय. वेगवेगळ्या देशांतून तिथं शिकायला आलेल्या मुलांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घ्यायचे, अभ्यासगट चालवायचा. खर्च मी देणगीदारांकडून उभा करायचा. ‘टुरिस्ट व्हिसावर ये, पुढचं पुढे बघू,’ असं तिथल्या समन्वयकांनी कळवलंय. आईला वाटतं, वर्ष वाया जाईल. जाऊ का?

उत्तर : जा. पण टुरिस्ट व्हिसावर जाऊ नकोस.

बिनपगारी सेवा म्हणजे काम नव्हे, असा समज बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आहे. अनेक देशांचे कायदे तसं मानत नाहीत. ब्रिटनचंच बघ. तिथं धर्मादाय संस्थेत बिनपगारी काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे, तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा मिळतो आणि त्यासाठी संस्थेकडे प्रायोजक म्हणून परवाना असावा लागतो. विमानतळावरचा अधिकारी ‘कशासाठी आलात?’ असं विचारेल. ज्या सेवेचा पायाच खरेपणा आहे, तिच्यातलं तुझं पहिलं वाक्य खोटं असू नये. शिवाय एकदा परत पाठवलं गेलं की पुढे कित्येक देशांच्या अर्जांत ते लिहावं लागतं. योग्य व्हिसा काढून द्यायला संस्था तयार नसेल, तर दुसरी संस्था शोध.

दुसरा प्रश्न मला याहून मोठा वाटतो : तुला नेमकं बोलावलंय कुणी? तिथल्या विद्यार्थ्यांनी, की दूर बसलेल्या कार्यालयानं? १९४७ साली दहा देशांतल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळींनी मिळून आयएफईएस (इंटरनॅशनल फेलोशिप ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स) ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. त्या दहांत ब्रिटन, अमेरिका होते तसा चीनही होता. प्रत्येक देशातली चळवळ स्वतंत्र राहील आणि पुढाकार विद्यार्थ्यांकडेच असेल, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. आज १५०हून अधिक देशांत या चळवळी आहेत. बाहेरून येणाऱ्यानं त्यांच्या हाताखाली काम करायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते. मी शिक्षण संपवून अशाच सेवेला गेले होते. आमच्या गटाची पुढारी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती, माझ्याहून लहान. कुठला उतारा अभ्यासायचा ते ती ठरवायची आणि मी खुर्च्या लावायचे. तू परत आल्यावर तो गट कोण चालवणार, हे आत्ताच विचार. उत्तरात तिथल्या विद्यार्थ्यांची नावं आली पाहिजेत.

खरं काम वर्गाबाहेरच जास्त असतं. सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्यात मुलं एकेकटी येऊन पोचतात. खोलीचा करार वाचता येत नाही, बँकेत खातं उघडत नाही, पहिल्या रात्री अंगावर घ्यायला पांघरूण नसतं. तेव्हा बरोबर जाणारं माणूस लागतं. आणि लांब सुट्टीत, वसतिगृह रिकामं झालं की ज्यांना घरी जाणं परवडत नाही, ती मागे उरतात. अशाच एका सुट्टीत संशोधन करणाऱ्या एका मुलीचे वडील तिकडे मायदेशी वारले. अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. ती आमच्या धर्माची नव्हती. रात्रभर मी तिच्याजवळ बसले, काही वाचलं नाही, काही सुचवलंही नाही. पहाटे तीच म्हणाली, तुमच्या पुस्तकात अशा वेळचं काही आहे का? मग मी १३वं स्तोत्र वाचलं, ज्यात माणूस देवाला ‘कोठवर?’ म्हणून थेट विचारतो. ते तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

म्हणून इंग्रजीच्या वर्गाबद्दल माझं मत ठाम आहे. वर्ग घ्यावा, मन लावून घ्यावा; पण तो ख्रिस्ती गट चालवतो हे पत्रकावर पहिल्यापासून छापलेलं असावं. बायबल अभ्यास वेगळ्या वेळी ठेवावा. अभ्यासाला न येणाऱ्यालाही खोली शोधायला तेवढीच मदत मिळावी. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (१ पेत्र ३:१५) आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय, आणि तेही सौम्यतेनं. विचारणाऱ्याला, हे लक्षात घे. नवख्या, एकट्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलाच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला विश्वासाकडे आणणं मला पाप वाटतं.

आणखी एक, ज्याकडे फार दुर्लक्ष होतं. देणगीदारांना तू दरमहा प्रार्थनापत्र पाठवशील. त्यात विद्यार्थ्यांची नावं, फोटो, विद्यापीठाचे विभाग टाकू नकोस. काही देशांत धर्म बदलणं गुन्हा आहे. काही घरांत नुसतं चर्चमध्ये दिसणंही महागात पडतं. तुझ्या पत्रातला एक हसरा फोटो फिरत फिरत कुणाच्या घरी पोचेल, सांगता येत नाही. ‘एका मैत्रिणीसाठी प्रार्थना करा’ एवढं पुरतं. देवाला तिचं नाव माहीत आहे.

पैशांचं लेखी घे : आरोग्य विमा कोण काढणार, जमलेल्या रकमेतून संस्था व्यवस्थापनासाठी किती कापते, मध्येच परतावं लागलं तर तिकीट कुणाचं आणि उरलेली रक्कम कुठे जाते. हे विचारणं अविश्वासाचं नाही. देणाऱ्यांना तुला हिशेब द्यायचाय.

राहिली आई. नोकरीच्या बाजारात हे वर्ष अनुभव म्हणून धरलं जाईलच, असं तिला सांगू नकोस. पुष्कळ ठिकाणी धरत नाहीत. परतल्यावर काय करणार, अर्ज कधी भरणार, हे कागदावर मांडून तिच्यापुढे ठेव. आणि त्या समन्वयकांशी तिचं स्वतःचं बोलणं करून दे. मुलगी आजारी पडली तर रात्री फोन कुणाला करायचा, हे तिला विचारू दे. व्हिसाचंही तिनंच विचारलं तर बरं.