मोटर बंद होताना बोर्ड का हँग होतो?

प्रश्न : सर, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या टाकीसाठी लेव्हल कंट्रोलर केलाय. एटमेगा 328 चिप, 12 व्होल्टचा ॲडॅप्टर, त्यावर 7805 (12 चे 5 व्होल्ट करणारी आयसी), बीसी 547 ट्रान्झिस्टरवर 5 व्होल्टचा रिले, आणि रिलेवरून मोटरच्या पॅनलमधला 230 व्होल्टचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिलेच). टेबलावर बल्ब लावून आठवडाभर मस्त चालला. मोटरवर लावला तर चालू होताना काही नाही, पण टाकी भरून बंद होताना दहातल्या तीन-चार वेळा बोर्ड रिसेट होतो नाहीतर हँगच. रिलेला डायोड लावलाय. प्रोग्राम तीनदा बदलला, वॉचडॉग (चिप अडकली की तिला आपोआप रिसेट करणारा टायमर) टाकला. मोटर मोठी म्हणून होतंय का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : प्रोग्रामला आता हात लावू नका, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, चालू होताना काही नाही आणि बंद होतानाच गडबड. मोटरचा लोड नडत असता तर त्रास चालू होताना झाला असता कारण तेव्हाच ती जास्त करंट ओढते. बंद होताना त्रास देते ती कॉइल.

रिलेच्या कॉइलला तुम्ही डायोड लावलाय ते बरोबरच, पण कॉन्टॅक्टरच्या आत दुसरी, चांगली मोठी कॉइल आहे तिचं काय? तुमचा रिले तिचा करंट मधेच तोडतो, कॉइलला करंट असा अचानक तुटलेला चालत नाही, मग ती व्होल्टेज वर ढकलते आणि रिलेच्या पट्ट्यांमध्ये बारीक ठिणगी उडते. ती ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच समजा. खरं वाटत नसेल तर घरात जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तो काढा, मीडियम वेव्हला दोन स्टेशनांच्या मधे ठेवून पॅनलजवळ धरा आणि कुणाला तरी मोटर बंद करायला सांगा, त्यात जोरात ‘टक्क’ ऐकू येईल. तोच टक्क तुमच्या चिपलाही ऐकू येतोय. बल्बला कॉइल नसते म्हणून टेबलावर सगळं गोड होतं.

इथे डायोड चालणार नाही हां! ही कॉइल एसीवर आहे, डायोड लावलात तर अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट. इथे स्नबर लागतो, म्हणजे 100 ओमचा एक वॅटचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स 2 कपॅसिटर, ज्यावर 275 व्होल्ट एसी छापलेलं असतं तो. साधा सिरॅमिक चुकूनही नको. ही जोडी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरच लावा. बरेच जण रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावतात, तेही चालतं, पण मग रिले उघडा असतानाही त्यातून साधारण 7 मिलिॲम्पिअर जात राहतात आणि छोटा कॉन्टॅक्टर कधी कधी गुणगुणत बसतो. काम करताना मेन स्विच बंद, आणि पॅनलच्या आतलं वायरिंग घरच्या वायरमनकडूनच करून घ्या.

एवढ्याने बराच फरक पडेल. तरी राहिलं तर बोर्ड उलटा करून बघा, चिपच्या व्हीसीसी आणि ग्राउंडच्या पायांना चिकटून 104 (म्हणजे 0.1 मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर) आहे का? 7805 जवळ आहे तोच पुरेल असं समजू नका, मधे दहा सेंटिमीटर वायर आली की त्याचा फारसा उपयोग उरत नाही. रिसेटच्या पिनला 10 के चा पुलअप द्या, म्हणजे पिन आणि 5 व्होल्टच्या मधे रेझिस्टर. टाकीवरून येणारी वायर मोटरच्या वायरबरोबर एकाच पाइपातून आणली असेल (आणलीच असणार, सगळे आणतात, मीही आणली होती) तर ती वेगळी करा आणि पिनला येण्याआधी 1 के सिरीजमध्ये आणि 104 ग्राउंडला द्या.

आता ग्राउंड. करंट जातो कुठून ते सगळे बघतात, परत कुठून येतो ते कुणी बघत नाही. तुमच्या रिलेचा करंट चिपच्या ग्राउंडमधून फिरून ॲडॅप्टरला जात असेल तर ते बदला, रिलेचं ग्राउंड सरळ ॲडॅप्टरच्या टोकाला न्या. आणि जमलं तर रिले 12 व्होल्टचा घ्या. 5 व्होल्टचा छोटा रिले 70 मिलिॲम्पिअरच्या आसपास खातो आणि ते सगळे 7805 मधून जातात, 7 व्होल्ट गुणिले 70 मिलिॲम्पिअर म्हणजे अर्धा वॅट नुसती उष्णता. 12 व्होल्टवाला 30 च्या आसपास घेतो आणि 7805 च्या वाटेला जातच नाही.

वॉचडॉग राहू द्या. पण मी एका पोल्ट्रीच्या पंख्यांच्या कंट्रोलरवर आठ दिवस घातले होते, वॉचडॉगमुळे बोर्ड इतक्या झटकन परत उभा राहायचा की रिसेट होतोय हेच कळत नव्हतं, पंखे मात्र अवेळी बंद पडायचे. म्हणून चालू झाल्या झाल्या एलईडी तीनदा लुकलुकेल एवढं प्रोग्रामात टाका.

प्रश्न : एलएम 358 ला (सिग्नल मोठा करणारी ऑप-ॲम्प आयसी) 5 व्होल्ट दिलेत, आउटपुट 3.5 च्या वर जातच नाही. आयसी डुप्लिकेट आहे का? पुण्यात तापकीर गल्लीतून घेतली होती. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, ती तशीच असते. 358 चं आउटपुट खाली ग्राउंडच्या जवळ जातं पण वर सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट अलीकडेच थांबतं. 12 व्होल्ट देता येत असतील तर द्या, फक्त मग आउटपुट मायक्रोकंट्रोलरच्या पिनला थेट जोडू नका, 5 च्या वर गेलं तर पिन जाईल. 5 व्होल्टवरच भागवायचं असेल तर एमसीपी 6002 ही ऑप-ॲम्प बसवा, पाय अगदी तसेच आहेत, सॉकेट असेल तर एक काढून दुसरी खोचायची. तिला मात्र 6 व्होल्टच्या वर सप्लाय चालत नाही.

प्रश्न : तुम्ही सारखं 104 म्हणता, दुकानात 0.1 मायक्रो मागायचा की 100 नॅनो? – एक वाचक, सांगली

उत्तर : काहीही मागा, एकच पुडी मिळेल. 10 वर 4 शून्यं, म्हणजे 1,00,000 पिकोफॅरड. शंभराची पुडीच घ्या, दहा घेतलेत तर परवा परत जावं लागेल.