घाट उचलण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली पाचही भांड्यांची छायाचित्रे सावकाश पाहिली. चाकावर तुझा हात चांगला बसला आहे, याचा आनंद झाला. मात्र तीन भांड्यांवर ब्रिटनमधले कुंभार-कलावंत हान्स कोपर यांची छाया इतकी दाट आहे की त्यांत तू मला कुठे सापडली नाहीस.

वर रुंद आणि चपटा, खाली अरुंद बैठकीवर तोललेला असा कोपर यांचा घाट चाकावर एका दमात उतरत नसे. ते पोट, मान, बैठक वेगवेगळी वळत, काही भाग दाबून चपटे करीत आणि मग जोडत. वर मातीचे पातळ लेप थरांवर थर देऊन ते पुन्हा घासून काढीत. तू तोच घाट एका गोळ्यातून ओढून काढलास, म्हणून खांदा ढिला पडला आहे. बाह्यरेषा तू घेतलीस, पण ती जिच्यातून आली ती रीत मागेच राहिली.

कोपर यांच्या सहकारी कुंभार लूसी री यांची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. 1938 साली त्या व्हिएन्नाहून लंडनला आल्या, तेव्हा इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांचा शब्द तिथल्या कुंभारकामात मोठा होता. 1920 मध्ये जपानी कुंभार शोजी हमादा यांच्यासह इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला भट्टी उभारणाऱ्या लीच यांच्यापुढे पूर्वेकडची जुनी भांडी आणि इंग्लंडमधले जुने ग्रामीण कुंभारकाम हे आदर्श होते, आणि री यांची नाजूक, पातळ भांडी त्यांना पटली नाहीत. री यांनी त्यांचे ऐकून काही काळ जाड भांडी केलीही. 1946 साली री यांच्याकडे मदतीला आलेल्या कोपर यांनीच त्यांना पुन्हा त्यांच्या वाटेवर आणले. (लीच यांच्याविषयीचा आदर मात्र री यांनी कधी सोडला नाही, हेही लक्षात ठेव.) कच्च्या भांड्यावरच कुंचल्याने झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) देऊन ते विजेच्या भट्टीत एकदाच भाजायचे, अशी री यांची पद्धत होती, त्यामुळे झिलई आणि माती एकमेकींत मुरत. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात कांस्ययुगीन भांड्यांवरच्या कोरीव रेघा पाहिल्यावर त्यांनी त्या प्राचीन भांड्यांचे आकार उचलले नाहीत. रेघ कोरण्याची कल्पना घेतली आणि आपल्या पातळ वाडग्यांवर मँगनीजच्या गडद थरातून सुईने बारीक रेघा ओढल्या.

केनियात जन्मलेल्या कुंभार-कलावंत मॅग्डलिन ओडुंडो याही अशाच. त्या 1974 मध्ये नायजेरियातील अबुजाला गेल्या. तिथले कुंभारकामाचे प्रशिक्षण केंद्र लीच यांचे शिष्य मायकेल कार्ड्यू यांनी सुरू केले होते. ओडुंडो यांनी तिथे हाताने मडके घडवायची स्थानिक रीत आत्मसात केली. त्यांचे आजचे झिलईविना घासून चकचकीत केलेले घट पाहा. त्यांतला एकही पाण्याच्या मडक्याची नक्कल वाटत नाही.

आता एक काम कर. त्या तीनपैकी एक भांडे पुन्हा वळ आणि ओले असतानाच तारेने उभे काप. भिंत कुठे जाड, कुठे दुबळी राहिली ते कागदावर उतरव. मग तेच दोन भागांत वळ, बोटाने सहज दबणार नाही इतपत सुकू दे आणि सांधा न लपवता जोड. कापलेल्या भांड्याचे छायाचित्र आधी पाठव, जोडलेल्याचे नंतर.

तुझा,
शुभचिंतक