वसईच्या चर्चमध्ये प्रार्थना कोणत्या भाषेत होते?

वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, प्रामुख्याने मराठीत होते. पोर्तुगीज अमलाचा (१५३४ ते १७३९) वारसा पाहता ती पोर्तुगीज किंवा कोकणीत असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र पूर्वी जगभरच्या बहुतांश कॅथलिक चर्चप्रमाणे येथेही ती लॅटिनमध्येच होत असे, आणि जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेला मुभा दिल्यानंतर वसईकरांनी मराठी स्वीकारली, कारण त्यांची मातृभाषाच मराठीची बोली आहे. गंमत अशी की, वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या घरात संध्याकाळी रोझरीची माळ हातात घेतली की शब्द प्रमाण मराठीचे असतात आणि माळ संपताच जेवणाच्या गप्पा कादोडीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, सुरू होतात. मराठी उपासना ही केवळ वसईची मिरासदारी नव्हे, कारण पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागातील प्रोटेस्टंट मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी गीते गायली जातात. मात्र वसईत रेल्वेमार्गालगत, जेथे बाहेरून आलेली कुटुंबे अधिक आहेत, तेथे इंग्रजी मिस्साही होते. त्यामुळे जाण्यापूर्वी चर्चच्या फलकावरील वेळापत्रक पाहावे.